संगणकाच्या पोटांतील घंटा

(नभोवाणीवरील भाषण)

मी शाळामास्तर. 36 वर्षें मराठी शाळेंत शिकविलें, आणि त्या सर्व काळांत माझ्या दिवसाचे तुकडे जिनें पाडले ती वस्तु म्हणजे शाळेची घंटा. रुळाचा हातभर तुकडा, दोरीनें आढ्याला टांगलेला, आणि त्यावर पडणारा लोखंडी दांडा. तिचा ठोका पडला कीं मराठीचें पुस्तक मिटे व गणिताची वही निघे. निवृत्त झाल्यावर ती घंटा कायमची सुटली असें मला वाटलें होतें. परंतु ती पुन्हां भेटली, आणि भेटली ती अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, संगणकाच्या पोटांत.

झालें असें कीं, माझ्या नातीचा जुना संगणक रोज सकाळीं कित्येक वर्षांपूर्वींची तारीख दाखवूं लागला. म्हणून तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. तेथें बसलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानें झांकण उघडलें, रुपयाएवढा एक चपटा सेल काढून दुसरा बसविला आणि म्हणाला, "झालें काम, गुरुजी. आतां तारीख जाणार नाहीं." मीं विचारलें, "अरे, पण संगणक बंद असतां तारीख मोजतें कोण?" त्यानें चिमट्याच्या टोकानें पत्र्याची एक इवलीशी नळी दाखविली. "हिच्यांत गारगोटी आहे, गुरुजी. ती सेकंदाला 32,768 वेळां थरथरते." मग शेजारची एक चपटी डबी दाखवून तो म्हणाला, "आणि ही दुसरी. हिचा तारखेशीं संबंध नाहीं. पण हिच्यावांचून प्रोसेसर एक पाऊलहि टाकीत नाहीं."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. परंतु त्या डबीनें मला घरीं स्वस्थ बसूं दिलें नाहीं. त्या तरुणाला विचारून, नातीकडून वाचून घेऊन, वहींत आकृत्या काढून जें मला समजलें तें आज आपणांपुढें ठेवितों. या विषयाशीं माझा एक जुना हिशेबहि आहे. तो शेवटीं सांगेन.

प्रथम त्या दोन गारगोट्यांतील फरक पाहूं. तारीख सांभाळणारी गारगोटी नादकांट्याच्या आकाराची असते. 32,768 हा आंकडा ऐकावयास चमत्कारिक वाटतो. पण त्याला दोहोंनीं भागा, आलेल्या भागाकारास पुन्हां दोहोंनीं भागा, असें पंधरा वेळां करा, म्हणजे बरोबर एक येतो. दोहोंनीं भागणें हें विजेच्या मंडलाला सर्वांत सोपें गणित. म्हणून हा आंकडा. आपल्या मनगटावरील सेलच्या घड्याळांतहि बहुधा हीच गारगोटी असते. ती 25 अंश उष्णतेला सर्वांत जलद चालते. त्याहून ऊन वाढो वा थंडी, ती किंचित् मागें पडते. वऱ्हाडांतील 45 अंशांच्या उन्हांत असें घड्याळ दिवसभर ठेवलें तर सुमारें एका सेकंदानें मागें जाईल. एवढ्यानें कोणाची गाडी चुकत नाहीं.

दुसरी गारगोटी मात्र वेळ सांगत नाहीं. ती ठोका देते. सेकंदाला 2 कोटी 40 लक्ष किंवा 2 कोटी 50 लक्ष ठोके देणाऱ्या गारगोट्या संगणकांत नेहमीं आढळतात. आतां प्रश्न असा कीं, प्रोसेसरला ठोका हवाच कशाला? विजेचा वेग एवढा प्रचंड. तिला आपल्या गतीनें गणित करूं द्यावें, मध्यें घंटा कशाला?

याचें उत्तर चौथीच्या वर्गांत आहे. 9999 मध्यें 1 मिळवावयाचा आहे. एकंस्थानीं शून्य मांडलें, हातचा एक. तो दशंस्थानीं दिला. तेथें शून्य, पुन्हां हातचा एक. असा हातचा एकेक घर ओलांडीत शेवटपर्यंत जातो व मग 10000 हें उत्तर उभें राहतें. परंतु बेरीज चालू असतांना एखाद्यानें मध्येंच पाटीवर डोकावलें तर त्याला काय दिसेल? प्रथम 9990 दिसेल, नंतर 9900, नंतर 9000. यांतील एकहि उत्तर खरें नाहीं, आणि मुलाचें गणितहि चुकलेलें नाहीं. तें केवळ व्हावयाचें आहे.

प्रोसेसरच्या आंत असेंच घडतें. तेथील हातचा वेगानें धांवतो हें खरें, हातचा आधींच ओळखण्याच्या युक्त्याहि तेथें योजलेल्या असतात. तथापि त्याला कांहीं काळ लागतोच, आणि प्रत्येक उदाहरणास तो सारखा लागत नाहीं. म्हणून उत्तर केव्हां वाचावयाचें हें ठरवून द्यावें लागतें. तें काम ठोक्याचें. ठोका पडला कीं लक्षावधि लहान लहान कप्पे आपल्यापुढें जें आलें असेल तें टिपून घेतात व पुढील ठोक्यापर्यंत तेंच धरून ठेवितात. या कप्प्यांना इंग्रजींत फ्लिप-फ्लॉप असें गमतीचें नांव आहे. दोन ठोक्यांच्या मधल्या अवधींत पुढची बेरीज-वजाबाकी होते. हा अवधि किती ठेवावयाचा? जें उदाहरण सर्वांत सावकाश सुटतें, तेंहि पुरें होईल इतका. सर्वांत हुशार मुलाकडे पाहून घंटा द्यावयाची नसते. सर्वांत मागें राहिलेल्याकडे पाहून द्यावयाची असते. शिवाय उत्तर ठोक्याच्या क्षणीं नुसतें येऊन चालत नाहीं. तें त्याच्या थोडें आधीं येऊन स्थिर झालेलें असावें लागतें.

अमेरिकेंत 1946 सालीं जगापुढें आलेल्या एनिआक या यंत्रांतहि असा ठोका होता. त्याचे ठोके सेकंदाला एक लक्ष, आणि एका बेरजेस वीस ठोके लागत. म्हणजे सेकंदांत पांच हजार बेरजा. आजच्या साध्या संगणकांतील प्रोसेसरचे ठोके सेकंदाला तीन-चार अब्ज असतात. चार अब्ज ठोके म्हणजे चार गिगाहर्ट्झ.

आतां गारगोटी ठोका देते कशी तें पाहूं. 1880 सालीं फ्रान्समध्यें झाक क्यूरी व पिएर क्यूरी या दोघां भावांच्या असें लक्षांत आलें कीं, गारगोटीसारख्या कांहीं स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्या पृष्ठांवर वीज उत्पन्न होते. पिएर त्या वेळीं अवघा 21 वर्षांचा होता. पुढील वर्षीं याच्या उलट प्रकारहि सिद्ध झाला: स्फटिकास विजेचा ताण दिला तर तो किंचित् आकार बदलतो. दाबला कीं वीज, वीज दिली कीं हालचाल, असा हा दुहेरी व्यवहार आहे. अशा स्फटिकाची पातळ चकती कापून तिला धक्का दिला तर ती आपल्या ठराविक गतीनें थरथरूं लागते, आणि प्रत्येक थरथरीबरोबर विजेची एक बारीक लाट बाहेर टाकते.

परंतु कोणतेंहि आंदोलन आपोआप टिकत नाहीं. झाडाला बांधलेला झोपाळा एकदां ढकलून सोडला कीं हळूहळू थांबतो. तो चालू ठेवावयाचा तर प्रत्येक खेपेस, तो परत फिरण्याच्या नेमक्या क्षणीं, बोटानें थोडासा रेटा द्यावा लागतो. रेटा अवेळीं दिला तर झोपाळा अडतो. गारगोटीला हा रेटा देणारें मंडल अगदीं साधें असतें: लाट मोठी करणारा एक वर्धक आणि वीज सांठविणारे दोन लहानसे धारक. गारगोटीनें टाकलेली बारीक लाट वर्धक मोठी करतो व योग्य क्षणीं तिलाच परत देतो. मग पहिला धक्का कोण देतो, असें कोणी विचारील. संगणक सुरू करतांच तारांत जो विजेचा अतिसूक्ष्म गलबला असतो त्यांत सर्व प्रकारच्या लाटा असतात. त्यांतील आपल्या गतीची लाट तेवढी गारगोटी उचलते, वर्धक ती वाढवितो, आणि थोड्याच अवधींत तिचा नियमित झोका सुरू होतो.

चकतीची गति तिच्या जाडीवर अवलंबून असते. सेकंदाला अडीच कोटी ठोके देणारी चकती मिलिमीटरच्या सुमारें पंधराव्या भागाइतकी पातळ असते. ती स्फटिकांतून सरळ न कापतां त्याच्या अक्षाशीं सुमारें 35 अंश 15 कला एवढ्या कोनांत कापतात. त्या कोनांत कापलेल्या चकतीची गति उष्णतेनें फारच थोडी बदलते. हे स्फटिक आतां खाणींतून आणावे लागत नाहींत. कारखान्यांत मोठ्या दाबाखालीं ते वाढवितात. गारगोटीवर चालणारें पहिलें घड्याळ 1927 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉरेन मॅरिसन व त्यांचे सहकारी हॉर्टन यांनीं तयार केलें. एका मोठ्या उपकरणाएवढें तें घड्याळ आज तांदुळाच्या दाण्याएवढ्या नळींत मावतें.

येथवर एक मोठी अडचण मीं बाजूस ठेवली होती. गारगोटीचे ठोके सेकंदाला अडीच कोटी, आणि प्रोसेसरला हवेत चार अब्ज. चकती आणखी पातळ करीत जावी तर ती हातांत धरण्यापूर्वींच मोडावयाची. मग उरलेले ठोके येतात कोठून?

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. उलट ठोके कमी करावे लागत. 1981 सालच्या आय. बी. एम. कंपनीच्या घरगुती संगणकांत सेकंदाला 1 कोटी 43 लक्ष ठोके देणारी गारगोटी होती. त्यांस तिहींनीं भागून सुमारें 47 लक्ष 70 हजार ठोके प्रोसेसरला देत, आणि चोहोंनीं भागून अमेरिकेंतील रंगीत दूरचित्रवाणीला लागणारी लाट काढीत. एका गारगोटींत दोन कामें, असा तो काटकसरीचा संसार होता. पुढें प्रोसेसर वेगवान् झाले, तेव्हां भागाकाराच्या जागीं गुणाकार आला. 1992 सालीं इंटेल कंपनीनें असा प्रोसेसर विकावयास आणला कीं, ज्याला बाहेरून मिळत पंचवीस वा तेहेतीस मेगाहर्ट्झचे ठोके, आणि आंत चालत त्याच्या दुप्पट.

ही दुप्पट, चाळीसपट कशी होते हें समजण्यासाठीं तबलजीकडे पाहावें. पेटीवाला संथ लयींत नगमा वाजवीत असतो. तबलजी त्याच लयींत दुगुन, चौगुन वाजवितो. त्याच्या बोटांचा वेग त्याचा स्वतःचा; तो पेटींतून येत नाहीं. परंतु प्रत्येक आवर्तनाच्या शेवटीं तो समेवर येतो, आणि पेटीची सम व आपली सम एकाच क्षणीं पडली कीं नाहीं हें त्याचा कान पाहतो. आपण लवकर आलों तर तो हात किंचित् आवरतो. उशीर झाला तर किंचित् सैल सोडतो. प्रोसेसरमध्येंहि असाच एक तबलजी बसविलेला असतो. तें एक स्वतंत्र आंदोलक मंडल असतें. तें विजेच्या दाबाप्रमाणें वेग बदलतें, आणि फार वेगानें, पण बेभरंवशानें चालतें. त्याच्या ठोक्यांपैकीं प्रत्येक चाळिसावा ठोका मोजून बाजूला काढतात. तो आणि बाहेरून आलेला संथ ठोका यांची सम जुळते कीं नाहीं हें दुसरें मंडल पाहतें. अंतर दिसलें कीं दाब थोडा वाढतो वा कमी होतो आणि वेग सुधारतो. बाहेरचा ठोका दहा कोटींचा असला कीं आंतला बरोबर चार अब्जांचा झाला. या रचनेला फेज-लॉक्ड लूप म्हणतात. तिची मूळ कल्पना नभोवाणीच्याच क्षेत्रांतील आहे. 1932 सालीं द बेलसीझ या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती ग्राहक-यंत्रासाठीं मांडली. संगणक सुरू केल्यावर हा तबलजी समेवर स्थिरावेपर्यंत प्रोसेसरला काम करूं देत नाहींत; प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मुलें रांगेंत उभीं असतात, तसा तो उभा असतो.

ठोका उत्पन्न झाला, तरी काम संपत नाहीं. तो सर्वांना एकाच वेळीं ऐकूं गेला पाहिजे. समजा, मुलांची एक रांग आहे आणि नियम असा कीं, ठोका पडतांच प्रत्येकानें शेजाऱ्याच्या पाटीवर जें असेल तें आपल्या पाटीवर उतरून घ्यावें. एका मुलाला ठोका जरा उशिरा ऐकूं गेला, तर तोंवर शेजाऱ्यानें आपली पाटी पुसून नवें लिहिलेलें असतें. हा बिचारा प्रामाणिकपणें नवें उतरून घेतो, आणि जुनें कायमचें हरवतें. शाळेच्या अंगणांत अशा उशिराचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. परंतु चार अब्ज ठोक्यांत दोन ठोक्यांमधला अवधि इतका अल्प असतो कीं, त्या अवधींत प्रकाशकिरणसुद्धां अवघा साडेसात सेंटिमीटर जातो, आणि तारांतील ठोका त्याहून पुष्कळ कमी.

यावर योजलेला उपाय मला फार आवडला. ठोक्याची तार चिपच्या मध्यभागीं आणतात. तेथें तिला दोन सारख्या लांबीच्या फांद्या फोडतात. प्रत्येक फांदीला पुन्हां दोन, त्यांना पुन्हां दोन. मुळापासून कोणत्याहि पानापर्यंत जा, वाट सारखीच लांब. कोणीहि जवळचा नाहीं, कोणीहि दूरचा नाहीं. हा वृक्ष वाढविणें मात्र खर्चाचें असतें. प्रत्येक ठोक्यास ही सर्व शाखासृष्टि विजेनें भरावी व रिकामी करावी लागते. 1992 सालच्या अल्फा नांवाच्या प्रोसेसरमध्यें एकूण विजेपैकीं सुमारें 40 टक्के वीज ठोका पोंचविण्यांतच जाई. म्हणून आजच्या प्रोसेसरमध्यें ज्या भागाला काम नसेल त्याच्या फांदीवरचा ठोका तात्पुरता अडवून धरतात. रिकाम्या वर्गांत घंटा कशाला? संगणकावर काम थोडें असलें तर ठोकाच संथ करतात आणि मग विजेचा दाबहि उतरवितात. वेग पुन्हां वाढवावयाचा असला तर क्रम उलटा: आधीं दाब वाढवावयाचा, मग ठोका. कारण दाब कमी असतांना हातचे सावकाश धांवतात.

आतां कोणी म्हणेल, ठोका मनास येईल तितका जलद कां करूं नये? कांहीं हौशी तरुण तसें करून पाहतात. थोडी मर्यादा ओलांडली तर निभावतें, कारण ऊन, दाबांतील चढउतार, चिपाचिपांतील फरक यांसाठीं कारखानदारानें थोडी सवड ठेवलेली असते. एकाच सांच्यांतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. त्यांची परीक्षा घेऊन जिला जो वेग झेपतो तोच तिच्यावर लिहितात. परंतु सवड संपली कीं काय होतें? ठोका पडतो, आणि हातचा वाटेंतच असतो. कप्पा तें अर्धवट उत्तर टिपून घेतो व खरें म्हणून पुढें पाठवितो. तेथें कोणी ओरडत नाहीं, कांहीं मोडत नाहीं. चूक मुकाट्यानें पुढें जाते.

हें वाचलें त्या दिवशीं मीं वही मिटली, आणि तो जुना हिशेब मला आठवला.

1988 सालची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या एका केंद्रावर मी होतों. पेपर सुरू झाल्याची घंटा केंद्रप्रमुखांच्या घड्याळावर झाली. तो संपल्याची घंटा देण्याचें काम मजकडे आलें. माझें चावीचें घड्याळ दिवसाला दोन मिनिटें पुढें जात असे. रोज सकाळीं नभोवाणीवरील बातम्यांच्या वेळीं मी तें लावीत असें. पण त्या खेपेस घाईंत सलग दोन दिवस तें राहून गेलें होतें. मीं खूण केली, शिपायानें दांडा मारला, उत्तरपत्रिका गोळा झाल्या. शेवटच्या बाकावर माझ्याच शाळेंतील एक मुलगी होती. तिची पत्रिका घेतांना मीं पाहिलें, शेवटच्या उदाहरणांतील शेवटची वजाबाकी तेवढी राहिली होती. ती कांहीं बोलली नाहीं. लेखणी खालीं ठेवून माझ्याकडे पाहात राहिली. बाहेर आल्यावर मीं केंद्रप्रमुखांचें घड्याळ पाहिलें, तेव्हां चार मिनिटें अजून शिल्लक होतीं.

निकाल लागला. दोन गुणांनीं तिची शिष्यवृत्ती हुकली. तिची आई शिवणकाम करी. त्यावर तिनें मुलीला पुढें शिकविलें. मीं ही गोष्ट त्या वेळीं कोणासच सांगितली नाहीं. मुलीचें गणित कच्चें राहिलें, असें एकदां तिच्या आईसमोर बोलूनहि गेलों, आणि त्या माउलीनें तें खरें मानलें. खरें हें कीं, तिचें गणित चुकलें नव्हतें. घंटा चुकली होती.

मोठ्या यंत्रांचे रचनाकार प्रथम हेंच शिकतात. उत्तर चुकीचें आलें म्हणजे गणित करणाऱ्या भागाला दोष देण्यापूर्वीं ते ठोका तपासतात. त्याला पुरेसा अवधि मिळाला होता काय? ठोका सर्वांना एकाच वेळीं पोंचला काय? दोन वेगळीं घड्याळें एकाच कामावर नेमलीं गेलीं नव्हतीं ना? छत्तीस वर्षांत किती मुलांना मीं मंद म्हटलें असेल, आणि त्यांपैकीं कितीजणांचा हातचा केवळ वाटेंत असेल, हा विचार आतां माझ्या मनांतून जात नाहीं. त्या परीक्षेनंतर मीं एक नियम केला आणि निवृत्तीपर्यंत तो पाळला: घड्याळ दुसऱ्या घड्याळाशीं ताडून पाहावयाचें, आणि शेवटच्या बाकाकडे दृष्टि टाकल्याशिवाय दांडा उचलावयाचा नाहीं. परंतु झाल्या गोष्टीची कबुली द्यावयाची राहिली होती.

ती मुलगी आतां संसारी बाई झाली असेल, कदाचित् आपल्या मुलांचा अभ्यास घेत असेल. हें भाषण तिच्या कानीं पडलें तर तिनें एवढें ऐकून ठेवावें कीं, तिच्या त्या उदाहरणांतील शेवटच्या ओळीपर्यंतची प्रत्येक पायरी बरोबर होती. उणीव होती ती चार मिनिटांची, आणि तीं माझ्या मनगटावर होतीं.

श्रोतेहो, आतां माझा वेळहि संपत आला आहे. समोरच्या कांचेपलीकडे बसलेले गृहस्थ घड्याळाकडे पाहून मला खूण करीत आहेत. त्यांचें घड्याळ बरोबर असेल असें धरून मी आपली रजा घेतों.